इस्त्रीच्या टेबलावरची भाषा

माईंच्या लॉन्ड्रीचं दार उघडलं की वरची घंटा वाजते आणि घंटेच्या मागोमाग एकच प्रश्न आत येतो, "झालं का?" नमस्कार नाही, कशा आहात नाही. ज्याला त्याला आपला शर्ट हवा असतो.

लग्न होऊन माई इथे आल्या तेव्हा त्यांना इथल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा आतल्या खोलीत मोठ्या इस्त्रीवर उभा असायचा, काउंटरवर तेव्हाचा म्हातारा मालक, आणि माई एका स्टुलावर बसून तुटलेल्या गुंड्या लावायच्या. बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच्या बुद्धीने पहिला धडा काढला. इथली माणसं भेटली की एकमेकांना 'झालं का?' म्हणतात. मग जिन्यात शेजारीण भेटली तेव्हा माई हसून म्हणाल्या, "झालं का?" शेजारणीने हातातल्या बादलीकडे पाहिलं आणि "झालंच की," म्हणाली. पाववाल्याला विचारलं, त्यानेही मान हलवली. शब्द चालत होता, माई खूश होत्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे आजोबा वारले. नवऱ्याच्या मागून माई समाचाराला गेल्या, रडणाऱ्या आजींचा हात हातात घेतला आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "झालं का?"

आजी रडायच्या थांबल्या. खोलीतलं सगळं थांबलं. नवऱ्याने दंडाला धरून माईंना खाली आणलं, घराचं दार लावलं आणि भिंतीला टेकून तो जो हसत सुटला, तो खाली बसेपर्यंत. माई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तेव्हापासून इथल्या भाषेतला एकही शब्द त्यांनी ठोकून, वाजवून घेतल्याशिवाय वापरला नाही. म्हणूनच की काय, त्यांच्या डोक्यात इथला प्रत्येक शब्द आपल्या मूळ मालकासकट बसला आहे. 'झाकण' हा शब्द शेजारणीचा. 'बुरशी' म्हाताऱ्या मालकाचा. एका दमट कोटाला नाक लावून त्याने तो पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला होता. 'कदाचित' हा शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्या काकांचा, कारण घड्याळ कधी मिळेल या प्रश्नाला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नसतं. 'लाज' हा शब्द एका गिऱ्हाइकाचा, ज्याच्या कोटाच्या खिशातून त्याच्या बायकोसमोर दुसऱ्याच कुणाचा तरी रुमाल निघाला होता. आजही 'लाज' म्हणताना माईंना तो कोट दिसतो. राखाडी होता, आत रेशमी अस्तर.

माहेरच्या भाषेचं मात्र असं काहीच नाही. तिथला एकही शब्द कुणी दिल्याचं माईंना आठवत नाही. 'पाणी' कुणाकडून घेतलं? 'उद्या' कधी कळलं? 'आई' हा शब्द बहुधा आईनेच शिकवला असणार. पण आई आठवायला बसलं की माईंना दिसते ती तिची पाठ. शेगडीकडे तोंड करून ती वर येणाऱ्या दुधाशी बडबडत उभी असायची. मुलांशी बोलायला त्या माउलीला फुरसत कधी होती? मग कुणी शिकवलं? हा विचार आला की माईंचा हात कॉलरवर थांबतो आणि मग करपल्याचा वास येतो म्हणून त्या घाईने इस्त्री उचलतात.

नवरा होता तोवर हे प्रश्न पडले नाहीत. संध्याकाळी शटर ओढलं की दोघं माहेरच्या भाषेत शिरायची, दिवसभर पायात रुतलेले बूट काढून टाकावेत तशी. नवरा गेला आणि बोलायला कुणी उरलं नाही. मुलगा आहे, पण माई त्या भाषेत विचारतात आणि तो इथल्या भाषेत उत्तर देतो. लहानपणी तो ती चुरूचुरू बोलायचा. कधी शिकला ते कामाच्या धबडग्यात माईंच्या लक्षात आलं नव्हतं, आणि कधी बोलायचा थांबला तेही आलं नाही.

म्हणून नात झाली तेव्हा माईंनी मनाशी ठरवलं होतं की या खेपेला नीट लक्ष ठेवायचं. शब्द कसा येतो, कुठून येतो, हे आपल्या डोळ्यांनी बघायचं.

नातीला सगळे गुंडी म्हणतात, कारण जन्मली तेव्हा ती तेवढीच होती. मुलगा बस चालवतो, सून चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते, त्यामुळे गुंडी दिवसभर आजीपाशी, लॉन्ड्रीत. इस्त्रीच्या टेबलापासून लांब, कपड्यांच्या मोठ्या टोपलीत तिचं राज्य. घंटा वाजली की उभी राहायची, गिऱ्हाईक गेलं की बसायची. सगळं तिला कळायचं. हँगर आण म्हटलं की आणायची. पण तिसरं वर्ष लागत आलं तरी तोंडातून "हं" आणि "उं" पलीकडे काही फुटेना. माई डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या आणि बघायला काहीच नव्हतं.

एका संध्याकाळी सुनेने ताटं मांडता मांडता विषय काढला.

"आई, रागावणार नसाल तर बोलते."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे," माई म्हणाल्या.

सून या गावातच जन्मलेली. माईंची माहेरची भाषा तिला थोडीफार कळते, पण दोघी बोलतात ती इथल्या भाषेतच. ती जरा अडखळत म्हणाली, "पुढे हिला घालायचंय त्या बालवाडीच्या बाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, दोन दोन भाषा कानावर पडतात, मूल गोंधळतं. एकच ठेवा, इथली."

"मी तर तिच्याशी दोन्ही बोलते."

"तेच ना आई."

माईंनी मुलाकडे पाहिलं. तो वाटीत काहीतरी शोधत होता. "तुझ्याशीपण दोन्ही बोलत होते," त्या त्याला माहेरच्या भाषेत म्हणाल्या. "तू गोंधळला होतास का रे?"

"मी अजूनही गोंधळलेलाच आहे," तो इथल्या भाषेत म्हणाला. बायकोने डोळे वटारल्यावर सावरून म्हणाला, "आई, कायमचं नाही गं. बालवाडीत रुळेपर्यंत."

"आणि नाहीच जमलं तुम्हाला," सून हलकेच म्हणाली, "तर माझी आई सांभाळायला तयार आहे. तिला एकच भाषा येते."

एकच भाषा येणं ही एखादी पदवी असावी असं ते माईंच्या कानाला लागलं. पण सुनेच्या डोळ्यांखाली काळजी दिसत होती, ती खोटी नव्हती. विहीणबाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. गुंडी तिकडे गेली की रविवारी पाहुण्यासारखी भेटणार.

"नाही बोलणार," माई म्हणाल्या. "तिच्याशी माझ्या भाषेतला एक शब्द बोलणार नाही. शब्द देते." आणि मग आपण कुठल्या भाषेतला शब्द दिला याचाच त्यांना घोळ पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं की काम वाटलं तितकं सोपं नाही. गुंडीला उचलून टोपलीत ठेवताना रोज तोंडातून जे आपोआप सुटायचं, ते त्यांनी दातांखाली धरलं आणि त्याच्या जागी इथलं काही शोधू लागल्या. सापडलं ते असं: "या. बसा."

गुंडीने चमकून आजीकडे पाहिलं.

दुपारी ती टोपलीच्या काठावर आपटली आणि भोकाड पसरलं. माई धावल्या. जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला, आणि आता काय म्हणायचं? डागाला त्यांच्याकडे इथले चार शब्द होते, चुण्यांना तीन. झिजलेल्या कॉलरला, विरलेल्या कापडाला, आटलेल्या लोकरीला वेगवेगळे शब्द होते. रडणाऱ्या लेकराला एक नव्हता. असणार कुठून? तिशी गाठेपर्यंत काउंटरच्या अलीकडे उभं राहून जी भाषा गोळा केली, तिच्यात कुणी कुणाला मांडीवर घेतलंच नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमची तक्रार काय आहे?"

गुंडी रडायची थांबली. आश्चर्याने थांबली, पण थांबली.

माई तशाच तिला कडेवर घेऊन शेजारी गेल्या. घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून बसले होते. जन्म इथलाच, भाषा इथली, लग्न केलेलं नाही.

"काका, इथे लहान मुलांना काय म्हणतात?"

"मुलं म्हणतात," काका म्हणाले.

"तसं नाही हो. लाडाने. उचलून घेताना, गप्प करताना. तुमची आई काय म्हणायची?"

काकांनी भिंग काढलं. समोरच्या घड्याळांकडे पाहिलं. ओठ हलले, मग कान लाल झाले. "म्हणायची काहीतरी," ते म्हणाले. "पण ते असं दुकानात बसून नाही सांगता येणार, माई."

"का? वाईट आहे?"

"वाईट नाही. मी साठीचा आहे."

रविवारी माई विहीणबाईंकडे गेल्या. तिथे ते शब्द सांगायला लाजणारं कुणी नव्हतं. विहीणबाईंनी गुंडीला पाहिलं मात्र, त्यांच्या तोंडातून इथल्या भाषेचा असा काही झरा सुटला की माई थक्क झाल्या. इतकी वर्षं या भाषेत पोट भरलं आणि यातला निम्माशिम्मा ऐवज कधी कानावरही आला नव्हता.

"सावकाश, विहीणबाई," माई म्हणाल्या. "ते आत्ता गालाला हात लावून म्हणालात ते काय?"

विहीणबाईंनी पुन्हा म्हटलं.

"त्याचा अर्थ?"

"अर्थ कसला? असंच म्हणतात."

"आणि त्याच्या आधी म्हणालात ते? हे कधी म्हणायचं आणि ते कधी?"

"ते झोपेतून उठल्यावर." विहीणबाई जरा थांबल्या. "नाही, नाही. उठल्यावर पण चालतं आणि... थांबा हं." त्यांनी गुंडीकडे पाहून एक म्हणून पाहिलं, मग दुसरं, मग पहिलं. "आता मलाच विचित्र लागतंय. तुम्ही असं विचारू नका बाई."

"विचारलं नाही तर येणार कसं?"

"मला कुठे कुणी विचारून आलं? तोंड उघडलं की येतं."

"माझं उघडलं की दुसरंच येतं. तेच तर बंद ठेवायचंय."

विहीणबाईंना पहिल्यांदाच माईंची दया आली असावी. त्यांनी हात धरून शिकवायला घेतलं. माई त्यांच्यामागून म्हणत गेल्या, एकही अक्षर चुकलं नाही. पण विहीणबाई मान हलवत राहिल्या. "बरोबर आहे हो. सगळं बरोबर आहे. पण तुम्ही तिला शर्ट परत करताय असं वाटतं."

परत येताना बसमध्ये माई ते शब्द मनात घोळवत होत्या. पाठ झाले होते. पण प्रत्येक शब्दाला विहीणबाईंचा चेहरा चिकटलेला. नातीचा लाड करायला जावं आणि मध्ये विहीणबाई उभ्या, हे काही बरं नव्हतं. माईंनी तो ऐवज बाजूला ठेवला आणि आपलं काउंटरवरचं जे होतं तेच चालू ठेवलं. निदान ते स्वतःचं होतं. स्वतःचं म्हणजे गिऱ्हाइकांचं. पण तरी.

आणि मग एका सकाळी गुंडी बोलली.

बँकेतले साहेब पांढरा कोट घेऊन आले होते. बाहीवर हा एवढा तपकिरी डाग. माईंनी कोट उजेडात धरला, मान तिरकी केली आणि त्या तोंड उघडणार तोच मागून आवाज आला.

"डाग जाईल. खात्री नाही."

टोपलीत गुंडी उभी होती, मान तिरकी करून. इथल्या भाषेत, स्वच्छ, माईंच्याच सुरात. साहेबांनी आधी गुंडीकडे पाहिलं, मग माईंकडे. "हे तुमचं मत की यांचं?" त्यांनी विचारलं.

 माईंनी कोट छातीशी धरला. त्यांना वाटलं होतं पहिला शब्द येताना दिसेल, कळी उमलताना बघावी तसा. हा तर सरळ तयार होऊन, घडी घालून बाहेर आला होता. कधी झाला? आपण तर समोरच होतो.

घरी आनंदीआनंद झाला. सुनेने दारातच चप्पल टाकली आणि हात पसरले. "ये, ये माझ्याकडे. काय म्हणालीस आज?"

गुंडीने आईला नीट न्याहाळलं. "पावती?"

मुलगा हसता हसता पलंगावर कोसळला. अगदी बापावर गेला होता. सूनही हसली, पण हसू जरा उशिरा आलं आणि लवकर गेलं. पुढच्या आठवड्यात गुंडी बोलतच सुटली. बाबा कामाला निघाले की, "उशीर होईल, चालेल?" अंघोळीला नेलं की, "रंग गेला तर जबाबदारी नाही." बालवाडीच्या बाईंनी ऐकलं आणि खूश झाल्या. पूर्ण वाक्यं, उच्चार स्पष्ट. जे चाललंय तेच चालू ठेवा, म्हणाल्या. माईंना कळेना की आपण पास झालो की नापास. नात बोलायला लागली होती, आणि ती आपल्याशी माहेरच्या भाषेत कधी बोलणार नाही हेही त्याच वेळी पक्कं झालं होतं.

घोटाळा झाला तो रविवारी. विहीणबाईंनी गुंडीला मांडीवर ओढलं आणि गाल पुढे केला. "दे बघू एक पापी."

"शुक्रवारी या," गुंडी म्हणाली.

विहीणबाईंनी तिला मांडीवरून उतरवलं. "हे काय बोलणं झालं?" त्या लेकीला म्हणाल्या. "शब्द आले, माया नाही आली. मुलीला काय काउंटरवर उभी करायची आहे? पुढच्या सोमवारपासून माझ्याकडे सोड. माणसासारखं बोलायला शिकवते." माई तिथेच होत्या. त्यांना राग यायला हवा होता, पण बाई म्हणत होत्या ते त्यांना स्वतःला पटत होतं. माया होती. ती या भाषेतून बाहेर काढायची कशी तेवढं माहीत नव्हतं.

सून आपल्या आईला "बघते" म्हणाली. शनिवारी दुपारी चष्म्याच्या दुकानातले दिवे गेले, यंत्रं बंद पडली, म्हणून ती लवकर सुटली आणि थेट लॉन्ड्रीकडे आली. सोमवारचं सासूबाईंना समोरासमोर सांगावं म्हणून. पुढे गर्दी नको म्हणून ती मागच्या दाराने शिरली. मागच्या दाराला घंटा नाही.

आत वाफ होती. माई पाठमोऱ्या, टेबलावर निळा शर्ट. माईंची पद्धत ठरलेली असते. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. आणि त्या बोलत होत्या. हलक्या आवाजात, माहेरच्या भाषेत, न थांबता.

"ये रे माझ्या राजा. मान वर कर बघू. किती रे चुरगळलास. कुणी मारलं माझ्या बाळाला? आपण त्याचं घर उन्हात बांधू. दे, हात दे. हा नाही, तो. शहाणं गं ते माझं. आता पालथा हो, झालंच."

सून जागच्या जागी उभी राहिली. मग तिला दुसरा आवाज ऐकू आला, बारीक. टोपली रिकामी होती. कोपऱ्यात पालथ्या बादलीवर गुंडीने एक रुमाल पसरला होता, हातात कपड्यांचा ब्रश. ब्रश रुमालावरून फिरत होता आणि गुंडी माहेरच्या भाषेत, आजीच्याच सुरात पुटपुटत होती, "ये ले माज्या लाजा. मान वल. कुनी मालं बालाला?"

"आई," सून म्हणाली.

माई दचकून वळल्या. "तू कधी आलीस?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"पाळला की. एक अक्षर बोलले नाही तिच्याशी."

"मग आत्ता कोण बोलत होतं?"

"कोण बोलत होतं?" माईंनी इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्ही. त्या शर्टाशी."

माईंनी शर्टाकडे पाहिलं, जणू त्याने कुणाला काही सांगितलं असावं. "मी? मी तर इस्त्री करत होते."

सुनेला वाटलं त्या थट्टा करताहेत. पण माईंचा चेहरा थट्टेचा नव्हता. तेवढ्यात पुढून घड्याळवाले काका आपली पँट न्यायला आले. सुनेने तिथूनच विचारलं, "काका, या काम करताना बोलतात का?"

"रोज," काका म्हणाले. "भिंतीतून ऐकू येतं. मला वाटायचं गावाकडे फोन लावतात."

"कधीपासून?"

"आमच्या वेळी फोन नव्हते तेव्हापासून," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन हँगरवरची आपली पँट शोधू लागले.

माई स्टुलावर बसल्या. म्हणजे इतकी वर्षं आपल्या तोंडून काहीतरी वाहत होतं आणि आपल्याला त्याची दाद नाही? मग नवरा गेल्यावर आपण गप्प झालो असं जे आपण धरून चाललो होतो, ते काय? त्यांना एकदम आईची पाठ दिसली, शेगडीपुढची. त्यांनी डोळे चोळले. वाफेने चुरचुरत होते.

"पण मग ती तुमच्याशी का नाही बोलत तसं?" सून म्हणाली. ती गुंडीपाशी उकिडवी बसली. "गुंडे, आजीला म्हण बघू. रुमालाला म्हणालीस ते आजीला म्हण."

गुंडीने ब्रश खाली ठेवला. आजीकडे वळली. चेहरा कामाचा झाला आणि तिने इथल्या भाषेत विचारलं, "झालं का?"

"बघा," सून म्हणाली. "माणसाशी ही आणि..." तिने रुमालाकडे बोट केलं. वाक्य पुरं होईना. "आई, हिला वाटतं ती कपड्यांची भाषा आहे."

"मीच तसं केलं," माई म्हणाल्या. "तिच्याशी गिऱ्हाइकासारखं बोलले आणि शर्टाशी नातीसारखं. आता हिला उलटं कोण समजावणार? आणि कुठल्या भाषेत?"

सुनेने खाली ठेवलेला ब्रश उचलून गुंडीच्या हातात दिला.  "मी आले होते सोमवारचं सांगायला," ती म्हणाली. "माझी आई म्हणते हिच्या बोलण्यात माया नाही."

"हो. मलाही तसंच वाटतं."

"आत्ता रुमालाशी बोलत होती तेव्हा होती." सुनेने रुमाल उचलला, पाहिला, पुन्हा बादलीवर पसरून ठेवला. "पण मग बाई म्हणतात ते गोंधळाचं? ही कुठे गोंधळलीय? गोंधळलेले आपणच."

"मला विचारू नकोस. मला मी काय बोलते तेही माहीत नाही."

पर्समधला फोन वाजला. विहीणबाई होत्या. सोमवारी कितीला आणणार, खाऊ काय करून ठेवू. सून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "नाही अगं, सोमवारी नाही जमणार. ती कामावर असते." पलीकडून बरंच काही आलं असावं. "रविवारी ये तूच. आणि रागावू नकोस, आता ती शुक्रवारचं नाव काढणार नाही बहुतेक. खात्री नाही." फोन ठेवून ती माईंकडे न बघता म्हणाली, "बालवाडीच्या बाई मुलीशी काय बोलायचं ते सांगून गेल्या. कपड्यांशी काय बोलावं, त्याबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या."

माईंना याचा अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यांनी इस्त्री बंद केली, लांबच्या जाळीवर ठेवली, टेबलावरून तळवा फिरवून ऊब पाहिली. निळा शर्ट हँगरला गेला. मग त्यांनी गुंडीला उचलून टेबलावर बसवलं. फ्रॉकचा घेर नीट केला आणि घसा खाकरला. इतक्या दिवसांनी मुद्दाम बोलायचं म्हणजे पाहुण्यांसमोर बोलल्यासारखं वाटत होतं.

"ये रे माझ्या राजा," त्या माहेरच्या भाषेत म्हणाल्या.

गुंडीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. टेबलावर शर्ट नव्हता. तिने आजीच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली, मग सुटली. ती हळूच उताणी झाली, दोन्ही हात बाह्यांसारखे पसरले आणि हनुवटी वर केली, आधी कॉलर असते म्हणून.

माईंनी कॉलरपासून सुरुवात केली. मानेखाली तळवा फिरला तशी गुंडी खिदळली आणि माहेरच्या भाषेत स्वतःच स्वतःला बजावलं, "मान वल."

पुढे घंटा वाजली. "झालं का?" कुणीतरी विचारलं. माईंनी तोंड उघडलं, आणि कुठल्या भाषेत काय म्हणायचं ते त्यांना काही केल्या सुचेना.